पत्र्याच्या करंज्या

खोली दाखवताना आमच्या घरमालकांनी मला एकच प्रश्न विचारला. "ओव्हन लावनार काय?"

माझ्याकडे तेव्हा एक गादी, एक बादली आणि खिचडीपुरता कुकर होता. मी नाही म्हटलं.

"मग या," ते म्हणाले. "या बिल्डिंगला एकच ओव्हन झेपतो. तो माझा हाय."

गाव, जात, लग्न, येण्याजाण्याच्या वेळा, यातलं काही म्हणजे काही त्यांनी विचारलं नाही. भिवंडीजवळच्या काल्हेरमध्ये एकट्या बाईला खोली शोधताना जे ऐकावं लागतं ते मी त्याआधी दारोदार ऐकून आले होते. त्यामुळे आपल्याकडे ओव्हन नसल्याचा मला आयुष्यात पहिल्यांदाच अभिमान वाटला.

मी मूळची बार्शीची. इथल्या एका गोदामात परत आलेल्या मालाच्या विभागात मला नोकरी लागली होती. लोकांनी हौसेनं मागवलेले आणि रागानं परत पाठवलेले बूट उघडून बघणं ही माझी ड्युटी. दिवसभर दुसऱ्यांची निराशा हाताळून घरी यायचं, तर जिन्यातच खमंग वास यायचा आणि तळमजल्याच्या दारातून हाक यायची, "वर जाऊ नको. आधी हे खा आन खरं सांग."

मालकांना सगळी गल्ली काका म्हणायची. त्यांच्या भाताच्या शेतावर आता एक शीतगृह उभं होतं आणि जमीन देताना त्यांना त्यातच सुपरवायझरची नोकरी मिळाली होती. जन्मभर चिखलात उभा राहिलेला माणूस एकदम गोठवलेल्या वाटाण्यांच्या राज्यात गेला आणि तिथं असा रमला की बर्फाच्या खोलीत घालायचं निळं जाकीट त्यांनी निवृत्तीनंतरही अंगावरून उतरवलं नाही. मे महिन्यात, रस्त्यावरचे ट्रकसुद्धा घामाघूम वाटावेत अशा दुपारी, काका गॅलरीत जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून बसलेले असत. घाम येत नाही का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "घाम डोक्यात येतो, अंगात न्हाय."

शीतगृहातल्या साऱ्या मालात त्यांचा जीव एका वस्तूवर जडला होता. पफ पेस्ट्रीची शीट. मैद्याचे पातळ थर, प्रत्येक दोन थरांच्या मधे तूप, सगळं यंत्रानं लाटून गोठवलेलं. बेकरीवाले आणि हॉटेलवाले त्याचे पॅटिस करतात. खोक्याचा कोपरा चेपला की हॉटेलवाले माल घेत नाहीत. ती चेपलेली खोकी काका विकत घेत आणि घरातल्या आडव्या फ्रीजरमध्ये रचून ठेवत. दुकानात आइस्क्रीमला असतो तसला तो जुना, झाकणाचं रबर सैल पडलेला फ्रीजर बैठकीच्या खोलीत, देव्हाऱ्याच्या शेजारी होता. पाहुणा आला की त्याची नजर आधी देवाकडे जायची की फ्रीजरकडे, हे काका बारकाईनं बघत.

शीटबद्दल ते नेहमी बाईमाणसाबद्दल बोलावं तसं बोलत. "तिला आदल्या दिवशी फ्रीजरातून काढायची, पन खाली फ्रीजात ठेवायची. एकदम बाहेरच्या हवेत आनली की तिला घाम फुटतो. घाम फुटला की थर एकमेकाला चिकटतात. मग ती फुलत न्हाय, नुसती रुसते." शीट कापताना पंखा बंद, खिडकी बंद, बोलणंही बंद. सुरी वरून सरळ खाली दाबायची, ओढायची नाही. सारण पूर्ण थंड हवं. कडेला दुधाचं बोट, वर काट्यानं टोचे, आणि ओव्हन आधी तापलेला. झालं. एवढंच त्यांचं शास्त्र होतं, आणि ते त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की मी गोदामात बूट उघडतानाही आधी त्याला घाम फुटलाय का ते बघू लागले.

या शीटमध्ये त्यांनी काय घातलं नाही? वालाचं बिरडं घातलं. सोड्यांचं, म्हणजे सुकवलेल्या कोलंबीचं, सुकं घातलं. अंड्याची भुर्जी, खिमा, उकडलेला बटाटा, कालची उरलेली भेंडी. गोडात आटवलेला आंब्याचा रस, केळं आणि वेलची, गूळखोबरं. बोंबलाचा प्रयोग मात्र एकदाच झाला. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी त्या दिवशी गच्चीवर जेवण केलं. कापून उरलेल्या पट्ट्याही वाया जात नसत. त्यांना जिरं आणि तीळ लावून, पीळ देऊन, ते भाजत. मी एकदा मदत म्हणून त्या पट्ट्यांचा कणकेसारखा गोळा केला, तर काकांनी माझ्या हातातून तो काढून घेतला. "थर आडवेच ठेवायचे," ते म्हणाले. "एकावर एक. गोळा केला की संपलं." नंतर दोन दिवस ते माझ्याशी बेताचंच बोलले.

भिवंडीत गल्लोगल्ली बेकऱ्या, आणि प्रत्येकीत खारी. तेव्हा काकांचा पदार्थ खाऊन नवखा माणूस साहजिकच म्हणायचा, "वा, खारीसारखं लागतंय." काका त्याच्या हातातली ताटली सौम्यपणे परत घेत. गल्लीत त्यांचं नाव खारीवाले पडलं होतं. हे त्यांना माहीत होतं आणि आपल्याला माहीत आहे हे ते कुणाला कळू देत नव्हते.

आता काकींबद्दल सांगायला हवं, कारण हा सगळा खटाटोप त्यांच्यापायी होता. काकी खारबावच्या. मी राहायला आले त्याच्या आदल्या वर्षी त्यांची उजवी बाजू गेली होती. पाय पुष्कळ सुधारला, काठी घेऊन त्या घरात फिरत. हात मात्र सुधारला नाही. तो त्या मांडीवर ठेवून बसत, आणि कुणी आलं की त्यावर पदर ओढून घेत.

त्या गल्लीत एक रीत होती. गणपतीच्या आधी प्रत्येक घरच्या करंज्या सगळ्या बायकांनी मिळून करायच्या. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. प्रत्येकीनं आपापलं पोळपाट-लाटणं बगलेत घेऊन जायचं, हसत-खिदळत ढीगभर पुऱ्या लाटायच्या, निघताना डब्यातून वानोळा घ्यायचा. करंज्या साध्यासुध्या नाहीत, साट्याच्या. तूप आणि तांदळाचं पीठ फेसून पोळ्यांच्या मधे लावायचं, गुंडाळी करून कापायची, मग लाटायची, म्हणजे तळताना पापुद्रे सुटतात. त्यात काकींचा हात गल्लीत पहिला. आणि तोच हात गेला.

तेव्हापासून त्या कुणाकडे गेल्या नव्हत्या. बायका बोलवायला यायच्या, तर काकी आतल्या खोलीत झोपल्याचं सोंग घ्यायच्या. "माझ्यानं लाटवत न्हाय, मी कोनाकडं जाऊ?" त्या मला म्हणाल्या होत्या. "आन मी न्हाय गेली तर त्या माझ्याकडं कला येतील? बसून खायाला जायचं काय?" त्यांच्या बोलीत कला म्हणजे कशाला, एवढं मला तोवर कळू लागलं होतं. घरच्या गणपतीपुढे दुकानातल्या करंज्या ठेवल्या गेल्या. शेजारच्या घरांतून लाटण्यांचा आवाज यायचा त्या दिवसांत काकी दारं लावून घेत. जन्मभर पहिल्या पाटावर बसलेल्या बाईला गल्लीच्या करंज्या बंद होणं म्हणजे काय, ते त्या घरात राहिल्याशिवाय कळणार नाही. मला कळलं आणि मला त्याचं फार वाईट वाटायचं.

काकांनी यावर विचार केला तो सुपरवायझरच्या पद्धतीनं. अडचण कुठे आहे? लाटण्यात. मग लाटणंच काढून टाका. शीट आयती लाटलेली, थरही आयते. काकींनी फक्त सारण भरायचं आणि कडा दाबायच्या, तेवढं डाव्या हातानं होतं. गल्लीतल्या बायका घरी बोलवायच्या, काकींच्या नावानं करंज्यांचा दिवस लावायचा. वर्षभर आम्हा भाडेकरूंच्या पोटात जे काही गेलं ती सगळी या एका दिवसाची तालीम होती.

काकींनी या योजनेला पहिल्याच दिवशी नाव दिलं. "ते तुमचे पत्रे तुमी खा," त्या म्हणाल्या. शीटला त्या कधीही शीट म्हणाल्या नाहीत. गोदामाच्या छपरावर असतात ते पत्रे आणि हे पत्रे, त्यांच्या लेखी दोन्ही एकाच जातीचे. "देवाच्या करंजीला हात लागायला पायजे. मशिनीची करंजी देवानं कला खायाची?"

"भाजून तर बघ."

"करंजी भाजत्यात? गनपतीच्या घरात तलन न्हाय पडलं तर त्याला घर बोल्तात काय?"

काकांनी आणखी दोन खोकी आणली. हट्ट कमी पडला की ते माल वाढवत.

मधल्या काळात कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी काकींना अकलोलीच्या गरम कुंडांवर नेलं. गाडीत जागा होती म्हणून मलाही घेतलं. काकी कुंडात हात बुडवून बसल्या. काका काठावर जाकीट घालून, बर्फाची पेटी मांडीवर घेऊन अवघडून बसले. पेटीत दुपारच्या खाण्याचे पफ होते, गूळखोबऱ्याचे. पाण्याच्या वाफेकडे बघून त्यांचा चेहरा हळूहळू आंबट होत गेला.

"बरं वाटतं काय?" त्यांनी विचारलं.

"उबेनं बरं वाटतं," काकी म्हणाल्या.

काकांना हे फार लागलं. परतीच्या रस्त्यात ते एवढंच बोलले, "जमिनीतून गरम पानी येतंय. कोनीतरी बघायला पायजे त्याच्याकडं." पण घरी आल्यावर रोज संध्याकाळी ते पातेल्यात पाणी तापवून काकींच्या पुढ्यात ठेवू लागले. आणि ते ठेवताना जाकीट काढून ठेवत. मी बघितलंय.

त्या वर्षी गणपती जवळ आले तेव्हा फ्रीजर काठोकाठ भरला होता. काकांनी जाहीर केलं की कुणी येवो न येवो, आपण स्वतः करंज्या करणार आणि काकींच्या नावानं घरोघर वाटणार. काकी म्हणाल्या, "माझ्या नावानं वाटाल तर मी जेवायची न्हाय." दोघांपैकी कुणीही आवाज चढवला नाही, त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. सकाळी कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरनं मोठा आवाज केला, निळा धूर सोडला आणि सगळ्या गल्लीची वीज गेली. लाइनमन आले, मान वर करून बघितलं, संध्याकाळ होईल म्हणाले आणि चहाला गेले.

काकांनी धावपळ केली नाही. त्यांनी घरातल्या सगळ्या गोधड्या आणून फ्रीजरवर घातल्या, सगळ्यात वर स्वतःचं जाकीट पसरलं आणि त्यावर चढून मांडी घालून बसले. "झाकन उघडलं न्हाय तर थंडी आत टिकते," ते म्हणाले. कोंबडी अंड्यांवर बसते तितक्याच एकाग्रतेनं ते दुपारपर्यंत बसले. बनियनवरचे काका मी तोवर पाहिलेच नव्हते. जेवण तिथंच वर दिलं.

दुपारी त्यांनी खाली उतरून झाकण किलकिलं केलं, आत हात घातला आणि तो तसाच ठेवून उभे राहिले.

"घाम फुटला," ते म्हणाले.

त्यांच्या शास्त्रात याला उतारा नव्हता. एकदा सैल पडलेली शीट पुन्हा गोठवायची नाही, त्याच दिवशी वापरायची. फ्रीजरभर शीट होत्या आणि विजेअभावी ओव्हन बंद. काका खुर्चीत बसले. मला वाटलं होतं ते निदान ट्रान्सफॉर्मरला शिव्या देतील. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी ती पन म्हातारी होईल, मी पन." हे शीटबद्दल नव्हतं.

काकी आतून काठी टेकत आल्या. त्यांनी फ्रीजरमध्ये वाकून बघितलं, एक शीट डाव्या हातानं उचलली. ती हातावर ओल्या फडक्यासारखी लोंबली. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं.

"अन्न टाकायचं न्हाय," त्या म्हणाल्या, आणि दाराकडे निघाल्या.

समोरच्या घरात जनाबय राहायच्या. गल्लीतली सगळ्यात मोठी म्हातारी. करंजी चांगली की वाईट हा निकाल त्यांचा असे. त्या दिवशी करंज्या त्यांच्याकडेच होत्या, उघड्या दारातून लाटण्यांचा आवाज येत होता. काकी अंगणातून रस्त्यावर उतरल्या. मी हात द्यायला पुढे झाले तर त्यांनी काठीनंच मला मागे थांब म्हणून खुणावलं. आजारपणानंतर त्या पहिल्यांदाच रस्ता ओलांडत होत्या. काका खिडकीशी आले आणि गजांना धरून उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते, पण देवाचं नाव घेत होते की फ्रीजरचं तापमान, ते मला कळलं नाही.

काकी समोरच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. लाटण्यांचा आवाज थांबला.

"जनाबय," त्या म्हणाल्या, "आमच्या यांचे पत्रे वितलले. वाया जातील. येता काय हात लावायला?"

मग जनाबयंचा आवाज आला. "जल्लं तुझं तोंड, दोन वर्सं लागली तुला चार पावलं टाकायला?" आणि आत भांड्यांची, पाटांची, हसण्याची एकच गर्दी झाली.

त्या सगळ्या आल्या. सारणाची पातेली, कढई, झारा, सगळं घेऊन आल्या. बैठकीच्या खोलीत चटया पसरल्या, काकांना स्वयंपाकघराच्या दाराशी उभं केलं आणि तिथून हलायचं नाही अशी ताकीद मिळाली. जनाबयंनी शीट नाकाशी नेली.

"कसली चरबी हाय यात?"

"वनस्पती तूप," काका दारातून म्हणाले. "शुद्ध शाकाहारी. खोक्यावर हिरवा ठिपका हाय."

"तुला कोन इचारतंय?"

शीट कापायला सुरुवात झाली तशी काकांची घालमेल सुरू झाली. पंखा आपोआपच बंद होता, पण खिडक्या सताड उघड्या, चूल पेटलेली, सगळ्या जणी एकाच वेळी बोलणाऱ्या, आणि एक बाई सुरी चक्क ओढत होती. काका प्रत्येक वेळी तोंड उघडत आणि मिटत. पुढे एकीनं उरलेल्या पट्ट्यांचा गोळा केला. त्यांनी डोळे बंद करून घेतले.

काकींच्या हातात कुणीतरी कातण दिलं. करंजीची कड कापायचं ते नक्षीचं चाक. कड दाबायची दुसरीनं, कातण फिरवायचं काकींनी, डाव्या हातानं. पहिल्या दोन-तीन कडा नागमोडी गेल्या. पुढच्या बऱ्या आल्या. नंतर तर "अगं, सारन किती भरतंस, पोट फुटेल तिचं," असं त्या शेजारणीला ओरडल्यासुद्धा, आणि ती "बरं बाई" म्हणाली. उजव्या हातावरचा पदर केव्हा सरकला ते त्यांना कळलं नाही.

पहिली करंजी तेलात पडली तेव्हा मात्र सगळ्या कढईभोवती वाकल्या. काकांनी कधी शीट तळली नव्हती, तळणं हा त्यांच्या मते तिचा अपमान होता. करंजी क्षणभर तळाशी बसली, वर आली आणि तिचे पापुद्रे एकेक करून उलगडत गेले. जनाबयंनी ती फुंकून मोडली, एक तुकडा तोंडात टाकला, चघळला.

"साटा बरा लागलाय," त्या म्हणाल्या.

काकांनी भिंतीला पाठ टेकली.

"देवाफुडं न्हाय ठेवायच्या," जनाबयंनी पुढे सांगितलं. "आपन खाऊ." मग काकींकडे न बघताच म्हणाल्या, "आज माझं अर्धं तसंच ऱ्हायलं तुझ्यापायी. उद्या पुरं करू. पोलपाट घेऊन ये."

"मी पोलपाट घेऊन काय करू, जनाबय? हात..."

"पोलपाट घेऊन ये. हाताचं मी बघते."

दुसऱ्या दिवशी वीज आलेली होती. मी ड्युटीवरून परतले तेव्हा काका घरात एकटे होते. काकी दुपारीच गेल्या होत्या, पोळपाट डाव्या बगलेत मारून. काकांनी तो पोचवायची तयारी दाखवली तर त्यांना "बायांच्या कामात तुमी कला?" असं उत्तर मिळालं होतं. ते मला खाली बसायला लावून समोर बसले. फ्रीजर रिकामा घुरघुरत होता. त्यांनी मला काहीही खायला दिलं नाही. सारखे दाराकडे बघत होते.

दिवेलागणीला काठीचा आवाज आला. काकींच्या केसांवर, गालावर, पदरावर पीठ होतं. त्या इतक्या दमल्या होत्या की पायरीवरच टेकल्या, आणि त्यांनी वानोळ्याचा डबा काकांच्या हातात दिला. वरच एक करंजी होती. काकांनी ती उचलली, उजेडात धरून बघितली आणि खाल्ली. अर्ध्यावर आल्यावर न राहवून म्हणाले, "जाड लाटलीय. कडेला कच्ची ऱ्हायलीय. कोनी लाटली ही?"

"मी," काकी म्हणाल्या.

काकांचं चघळणं थांबलं. उरलेली अर्धी करंजी त्यांनी हातात तशीच धरून ठेवली. मग ती सावकाश, कडेसकट खाल्ली. डब्यात बघितलं.

"आनखी हाय काय तुझी?"

"एकच झाली."

त्यांनी तळहातावर पडलेला चुरा बोटानं टिपला, तोही खाल्ला, आणि डब्याचं झाकण लावत म्हणाले, "उद्या दोन कर."